मराठीची सोय

"चपला बघ कशा टाकल्यात, एक पूर्वेला, एक पश्चिमेला," नरहरराव हसत हसत बायकोला मराठीत म्हणाले आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने समोरच्या मुलीकडे वळले. "तो बेटा, मंडीदीप में कौन-सी कंपनी?"

मिसरोदच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, आणि भाडेकरू पारखायची ही त्यांची ठरलेली पद्धत. प्रश्न हिंदीत, निकाल मराठीत. समोरच्याला वाटावं, नवरा-बायको चहात साखर किती हवी ते बोलताहेत. भोपाळात राहून मराठीचा इतका रोकडा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. शशिकलाबाईही त्यात चांगल्या तयार झाल्या होत्या. कधीकधी तर त्यांचीच नजर जास्त बारीक निघे.

मुलीचं नाव कीर्ती मालवीय. औषधांच्या कारखान्यात नोकरी. राहतं घर मालकाने विकायला काढलेलं, महिनाअखेर सोडायचं होतं. बरोबर म्हातारे वडील. आल्यापासून त्यांनी नमस्काराखेरीज तोंड उघडलं नव्हतं.

"गळ्यात काही नाही, कपाळाला काही नाही," चहाचे कप पुढे करत शशिकलाबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं विचारा."

"और घर में कौन-कौन हैं?"

"बस पापा और मैं, अंकल."

"बघा."

मालवीयजींना खोकल्याची उबळ आली. तोंडावर रुमाल धरून ते बराच वेळ खोकले.

"हा खोकला आजचा नाही," बिस्किटांची बशी पुढे सरकवत नरहरराव प्रेमळपणे म्हणाले. "वर्षभरात म्हातारा आपल्याच जिन्यावरून चौघांच्या खांद्यावर खाली येईल. लीजिए ना मालवीयजी, बिस्किट लीजिए."

मालवीयजींनी मान हलवून नको म्हटलं. चहा बशीत ओतून त्यांनी ती उचलली.

"आणि चहा बशीतून," शशिकलाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच हसू आलं. "म्हशीसारखा आवाज करत पितील आता, ऐका."

बशी ओठांपाशी थांबली. मालवीयजींनी ती खाली आणली, आणि थेंब न सांडता, अगदी सावकाश, चहा परत कपात ओतला. मग कान धरून कप उचलला आणि आवाज न करता एक घोट घेतला.

शशिकलाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. ते काढून कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

म्हाताऱ्याला पुन्हा उबळ आली होती. या वेळी ती बाहेर पडली नाही. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी तरळलं, गुडघ्यावरच्या हाताची मूठ घट्ट झाली; आवाज मात्र आला नाही. कीर्ती नरहररावांना खिडक्यांचं विचारत होती. तिला काही दिसलं नाही.

गप्प बसा, त्यांना सगळं कळतंय. एवढंच नवऱ्याला सांगायचं होतं. पण सांगणार कुठल्या भाषेत? मराठी म्हाताऱ्याला कळत होती, हिंदी दोघांनाही, आणि इंग्रजी त्या मुलीला नरहररावांपेक्षा जास्त येत असणार. शशिकलाबाईंनी नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. नरहररावांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला.

"हो, हो, मलाही नकोच वाटतंय. एकटी बाई, त्यात आजारी बाप. भाचा बदलून येतोय म्हणून सांगू फोनवर, संपलं." आणि मग घसघशीत हिंदीत, "बेटा, हम तो बस भले लोग देखते हैं. आप निश्चिंत रहिए, शाम तक फोन करते हैं."

कीर्तीचा चेहरा उजळला. "पापा, वो धूपवाली खिड़की है ना, वहीं आपका पलंग लगा देंगे."

"हाँ बेटा," मालवीयजी म्हणाले.

शशिकलाबाई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेल्या. एरवी त्या कुणासाठी खुर्चीवरूनही उठत नसत. कीर्ती स्कूटर वळवायला पुढे गेली. मालवीयजींनी फाटकाचा खांब धरला आणि दाबून ठेवलेला खोकला सगळा बाहेर पडू दिला. शशिकलाबाई शेजारी उभ्या होत्या. पाणी आणू का, एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"भुसावळला नोकरी झाली माझी, रेल्वेत," धाप ओसरल्यावर ते मराठीत म्हणाले. पकडले गेल्यासारखा आवाज त्यांचाच होता. "घरची मंडळी इकडे गावाकडेच राहिली. पोरीला मराठी येत नाही, तेवढं बरं झालं."

शशिकलाबाईंची नजर त्यांच्या पायांतल्या चपलांवर गेली आणि तिथूनही हटली.

"वहिनी, एक करा. साहेबांना सांगा, फोन आज नको. उद्या करा म्हणावं. फार घरं फिरलीये ती. आज एक रात्र तिला पोटभर जेवू द्या."

स्कूटर फाटकाशी येऊन थांबली. कीर्तीने हेल्मेटची काच वर केली. "क्या बात हो रही थी पापा, आंटी से?"

"कुछ नहीं बेटा. पूछ रहा था, नल में पानी कब आता है."

कीर्तीने शशिकलाबाईंकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि म्हातारेही.

"दोनों टाइम आता है बेटा," शशिकलाबाई म्हणाल्या. "सुबह भी, शाम भी. बहुत पानी है."