पहिल्या संक्रांतीचे दागिने

"आवो, आवो," म्हणत चारुलता दारातून बाजूला झाली.

गुजराती लोक पाहुण्यांना म्हणतात ना, अगदी तसं. निरुपमा उंबऱ्यातच थबकली. हीच चारू कॉलेजात तिला लांबून बघितलं की "निरे, मेलीस का गं, कुठे होतीस?" असं ओरडायची. सगळा रस्ता वळून बघायचा. आणि आज "आवो, आवो"!

निरुपमा नवऱ्याला, मुलाला आणि नव्या सुनेला घेऊन जळगावहून चार दिवसांसाठी बडोद्याला आली होती. मुलाला उत्तरायणाचे पतंग बघायचे होते. निरुपमाला चारूला बघायचं होतं, पण ते तिने गाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी हॉटेलातून निघताना नुसतं म्हणाली, "गोत्रीला माझी एक मैत्रीण राहते, जाऊन येऊ."

चारुलतेचे यजमान मानसिंगराव मोठे हौशी. पुरुषमंडळींना त्यांनी बूटसुद्धा काढू दिले नाहीत. "चालो, चालो, वारा पडेल!" म्हणत दोघांना थेट गच्चीवर नेलं. खाली तिघी उरल्या. वरून पतंग कापला की उठणारा 'काय पो छे'चा गलका येत होता.

"सुनेची पहिली संक्रांत आहे," निरुपमा म्हणाली. "हलव्याचे दागिने हवे होते. तू करतेस असं कळलं."

"आज?" चारुलता हसली. "अगं, दिवाळी झाली की ऑर्डरी घेते मी. सगळे संच गेले कालच. ऐन संक्रांतीला दागिने मागणारं तू पहिलंच गिऱ्हाईक."

गिऱ्हाईक! झालं. निरुपमाने मान खाली घातली. आपली लायकी तेवढीच, असं तिला वाटलं.

शेवटच्या वर्षाला हॉस्टेलच्या गच्चीत चारूने लाल दोऱ्याला गाठी मारत तिच्या हाताचं, दंडाचं, कमरेचं माप घेतलं होतं. "लग्न कुणाशी करायचं ते कर बाई, पण पहिल्या संक्रांतीचे दागिने माझे." आणि शब्दाची पक्की ती. निरुपमाच्या लग्नानंतरच्या संक्रांतीला पेटी मांडीवर घेऊन ती जळगावला आली. बोटं भाजलेली होती. भाजणारच. शेगडीवरच्या परातीत तिळांवर पाकाचा एकेक थेंब टाकत ते बोटांनी हलवत राहावं लागतं, तेव्हा कुठे आठ-दहा दिवसांनी हलव्याला काटा फुटतो.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात दागिने सासरचेच घालतात." बाजारातून आणलेला संच निरुपमाने अंगावर चढवला. चारूची पेटी कोनाड्यात गेली. दुसऱ्या दिवशी पुतण्याचं बोरन्हाण होतं. हलवा कमी पडला. सासूबाईंनी पेटी उघडली, पुठ्ठ्यावरून हलवा ओरबाडला आणि चुरमुऱ्यांत, बोरांत मिसळून पोराच्या डोक्यावर ओतला. पोरं तुटून पडली. सगळे हसले. चारू दाराशी उभी होती, तिच्यादेखत निरुपमाही हसली. नवी सून, सगळ्यांबरोबर हसली. संध्याकाळच्या गाडीने चारू परत गेली. पुढे तिचं पत्र आलं नाही, आणि हिने लाजेने टाकलं नाही.

"चारू," निरुपमा म्हणाली, "दागिन्यांचं निमित्त होतं गं. मला तुझी माफी मागायची होती. त्या दिवशी मी हसायला नको होतं."

सून चपापून एकदा सासूकडे, एकदा चारुलतेकडे बघू लागली. चारुलता उठली आणि आत गेली. निरुपमाला वाटलं, आता ही पाण्याचे पेले आणेल, तिळगुळाची वडी हातावर ठेवेल आणि पुन्हा गुजरातीतच "आवजो" म्हणून दारापर्यंत सोडेल.

चारुलता आली ती हातात पुठ्ठ्याची पेटी घेऊन.

"ये गं, काय नाव तुझं? आनंदी? बस इथे खाली. हात कर पुढे."

बांगड्या आनंदीच्या हातात अल्लद गेल्या. वाक्या दंडावर बसल्या. कंबरपट्ट्याचं टोक टोकाला टेकलं. हलवा पांढराशुभ्र होता, आणि काटा असा की बोटाला टोचावा.

"अय्या! मावशी, माप न घेता इतकं बरोबर?"

"घेतलंय की माप," चारुलता म्हणाली. "हॉस्टेलच्या गच्चीत. तुझी सासू तेव्हा तुझ्यासारखीच काडी होती. आता बघ कशी भोपळा झालीये!"

तिने पेटीच्या तळातून एक दोरा काढून निरुपमाच्या मांडीवर टाकला. लाल रंग पार उडाला होता. गाठी तेवढ्या शाबूत होत्या.

निरुपमाने आपलं जाड मनगट पदराखाली घेतलं आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. आनंदी घाबरून "आई, आई" करत राहिली.

"रडू नकोस मेले, सणासुदीचं," चारुलता म्हणाली.

बऱ्याच वेळाने निरुपमाने डोळे पुसले. "आणि मी आज आले नसते तर? या दागिन्यांचं काय केलं असतंस?"

"काय करणार? रथसप्तमी झाली की फोडायचे आणि सोसायटीतल्या पोरांना वाटायचे," चारुलता म्हणाली. "तीस वर्षं दर संक्रांतीला तुझ्या मापाचा एक संच करून तेच तर करतेय."