मिठागरातली बोटं

पेणच्या मोबाईलच्या दुकानात प्रणयचे वडील, रामचंद्र, टॅबसाठी कीबोर्डवालं कव्हर निवडत होते. मांडलेला एकेक कीबोर्ड ते जवळ ओढत आणि बटण न् बटण दाबून पाहत. जन्मभर मिठागरात राबून भेगाळलेली, पांढुरकी पडलेली ती बोटं नव्याकोऱ्या काळ्या बटणांवरून फिरू लागली, की प्रणयला शिसारी येई. बोटांमागोमाग विक्रेत्या मुलीचा फडका फिरे, तेव्हा तर त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं होई. परवा तो बोटीवरच्या नोकरीसाठी निघणार होता, त्यासाठी बाबा आपल्याला भेट देताहेत असं वाटत असूनही तो दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, तू नको हात लावू. मी बघतो."

रामचंद्रांनी हात सदऱ्याच्या खिशात घातले. मग मुलीला विचारलं, "पोरी, मराठी अक्षरांचा हाय का गं?"

"मला इंग्रजीच लागतो, बाबा!"

"तुजा नाय रं, माजा. तुजा जुना टॅब घरीच ऱ्हानार ना, त्याला." ते संकोचून हसले. "बोटीवर फोन लागत नाय, लिवलेलं तेवढं पोचतं, असं तूच बोललास. पन त्या काचेला माजं बोट उमगतच नाय. बटनावर जोर तरी देता येतो. आता तूच दाबून बघ, पोरा. मी हात नाय लावत."

प्रणयने आपली मऊ, स्वच्छ बोटं बटणांवर ठेवली, आणि त्याला त्यांची किळस आली.