कपाळावरचा उजेड

जळगावच्या प्रयोगशाळेत हेमांगीताईंनी उंदरांच्या अंगातला आजार दाखवणारं मशीन मागवलं, आणि ते येईपर्यंत वाट बघणाऱ्या उंदरांचे पणतूही म्हातारे झाले. त्याच्या जांभळ्या किरणांखाली आजार असेल तिथं उजेड दिसायचा, एवढंच त्याचं काम. चाचणीला ठणठणीत उंदीर ठेवले, तर एकूणएक उंदराच्या कपाळावर बोटभर उजेड.

"मशीनच बिघडलंय," म्हणत इंजिनिअरनं ते परत गाडीत चढवलं. आता मागणी पुन्हा पहिल्यापासून.

गाडीनं भुसावळ ओलांडलं, तेव्हा उंदीर सांभाळणाऱ्या कुंदाअक्का उंदरांची कपाळं पुसत म्हणाल्या, "गणपतीचं वाहन शे, ताई. नव्या मशीनमधी कोऱ्या कपाळानं कसं बसवू? बठ्ठास्ले, एकेकाच्या कपाळाले, हळद लावेल व्हती मी."