जाऊ

एकोणीसशे अडुसष्ट साली राजधानीला जाणारी थेट गाडी सुरू झाली आणि दादाची सगळ्यात मोठी सबब गेली. तोवर तो म्हणायचा, "मधे गाडी बदला, सामान उतरवा, पुन्हा चढवा, कोण ती यातायात करणार? पुढच्या वर्षी जाऊ." पुढचं वर्ष यायचं आणि जायचं. दादा काही जायचा नाही. खरं म्हणजे त्याला स्वतःच्या गादीशिवाय झोप येत नसे. पण हे बोलायची लाज वाटायची, म्हणून तो गाडीला दोष द्यायचा.

आता घरातली चारही मोठी माणसं दुकानात, काच कापायच्या मेजाभोवती जमली होती. दादा, त्याची बायको थोरली, धाकटा भाऊ आणि त्याची बायको धाकटी. दुकान तसबिरींना चौकटी करून देण्याचं. मेजावर राजधानीचा नकाशा पसरला होता आणि धाकटा भाऊ त्यात चुका टोचत होता; चुका म्हणजे चौकटीचे बारीक खिळे.

"हा मोठा घुमट. हे संग्रहालय. इथे कारंजी."

"निघायच्या आधीच इतक्या चुका!" दादा म्हणाला आणि आपणच हसला.

थोरली हसली नाही. ती घुमटाकडे बघत होती. त्या घुमटाचं चित्र तिनं किती घरांसाठी चौकटीत बसवलं होतं, त्याला गणती नव्हती. हिऱ्याच्या कणीनं काच कापायची, फडक्यानं पुसायची आणि घुमट दुसऱ्याच्या भिंतीवर पाठवून द्यायचा. घुमटाच्या मागे काय असेल, असं तिला दर वेळी वाटायचं. चित्राच्या मागे तर पुठ्ठाच असतो.

धाकटी दाराला टेकून उभी होती. या दोघी जावांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. धाकटी नवी नवरी असताना गिऱ्हाइकादेखत म्हणाली होती, "ही तसबीर वाकडी लागलीय." थोरली म्हणाली, "तसबीर सरळ आहे. बघणारीची मान वाकडी आहे." झालं. जी आधी बोलेल ती हरली, असं दोघींनी न ठरवताच ठरवलं. आता धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली होती, तरी अबोला जागचा हलला नव्हता. एकमेकींचं नावही घेत नसत.

"जाऊला सांगा, मीठ संपलंय."

"जाऊला म्हणावं, डबा नाकासमोर आहे."

दोघींत हातभर अंतर असायचं आणि मधे निरोप्या म्हणून दादा.

त्याच निरोप्यानं आता घसा खाकरला. "एक सांगून ठेवतो. मी राजधानीत तुमचे निरोप पोचवत हिंडणार नाही. बोलणार नसाल तर बायकांपैकी एकच येईल. कोण, ते आपापसात ठरवा."

दादा मनातून खूश झाला. या दोघी आपापसात काय ठरवणार? आणि पुढचं वर्ष काही फार लांब नसतं. तो नकाशातल्या चुका उपटायला लागला. आधी कारंजी गेली. मग संग्रहालय. थोरलीचे डोळे घुमटावरून हलेनात.

तेवढ्यात धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "जाऊ?"

घुमटावरची चूक दादाच्या चिमटीत होती. थोरली गर्रकन वळली.

"काय गं, हाक मारलीस?"

धाकटी गडबडली. "मी? नाही, मी आपलं..." आणि थांबली. तिनं थोरलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिरकं न बघता. मग म्हणाली, "हो, जाऊबाई. तुम्हालाच. जाऊ?"

"जाऊ!" थोरली म्हणाली. "अहो, ती चूक राहू द्या तिथंच."

चौघं गेले. परक्या गादीवर दादाला रात्रभर झोप लागेना, म्हणून दिवसा तो मिळेल त्या बाकावर घोरायचा. धाकटा भाऊ त्याची राखण करायचा. राजधानी पाहिली ती दोघी जावांनी. घुमटाला वळसा घालून त्या मागे गेल्या, तर तिथे पहारेकऱ्यांचे कपडे वाळत होते. थोरली पोट धरून हसली. "पुठ्ठाच की गं!" धाकटी म्हणाली, "आणि तोही वाकडा लागलाय."

पुढे दादा जन्मभर गिऱ्हाइकांना राजधानीच्या बारीकसारीक गोष्टी सांगत राहिला, त्या सगळ्या बायकोकडून ऐकलेल्या. धाकट्या भावाचे डोळे अधू झाले. तो चौकटी नुसत्या बोटांनी जुळवायचा. दोघेही भाऊ आता नाहीत. दुकान धाकटीची मुलगी चालवते. तिच्या डोक्यावर घुमटासमोरचा दोघी जावांचा फोटो आहे. काच थोरलीनं कापली, भिंतीवर लावला धाकटीनं, आणि तो चांगलाच वाकडा आहे. कुणी तसं म्हणालं, तर आतून दोन म्हाताऱ्या एकदम ओरडतात, "मान सरळ करा!"

आधी हाक मारली म्हणून धाकटी हरली, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. सगळ्यांचे चिमटे तिनं आयुष्यभर सोसले. परवा मटार सोलता सोलता मात्र तिला राहवेना.

"जाऊबाई, खरं सांगू? मी तुम्हाला हाक मारलीच नव्हती. मी ह्यांना विचारत होते, मी एकटी जाऊ का म्हणून."

थोरलीनं आणखी एक शेंग फोडली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हा मला ऐकू चांगलं यायचं."