मानेजवळचे पट्टे

सम्मेदनं मूळ फोटो पुन्हा उघडला. पाचोळ्यात पडलेली काळीभोर मण्यार. शेपटीकडं बारीक पांढरे पट्टे स्पष्ट दिसत होते, मानेजवळ मात्र एकही नव्हता. टेबलावर त्यानंच तयार केलेलं पोस्टर होतं. त्यातल्या मण्यारीला पट्टे थेट मानेपर्यंत होते.

ते त्यानं चढवले होते. पाठीवरचे पट्टे उचलून मानेवर बसवायला वीस मिनिटंही लागली नव्हती. पुढचा भाग मोकळा वाटत होता, एवढंच कारण. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसावी, तितक्या सवयीनं हात चालला होता.

'साप मारू नका, ओळखायला शिका' असं वर लिहिलेली ती पोस्टर्स त्याच्या निसर्गमित्रांनी पन्हाळा तालुक्यात गावोगाव लावली होती. कोडोलीतही लावली होती.

आठवड्यापूर्वी पेपरात चार ओळी आल्या. कोडोलीच्या आकाराम नावाच्या शेतकऱ्यानं बिनविषारी समजून मण्यार हातानं उचलली. ती चावली. दुखलं नाही, सूज आली नाही, म्हणून तो दवाखान्यात गेला नाही. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलाच नाही.

"तू मुद्दाम केलं नाहीस," त्याची बायको अपूर्वा म्हणाली.

"पण केलं मीच ना?"

त्यानं मूळ आणि पोस्टरमधला, दोन्ही फोटो छापून पाकिटात घातले आणि गाडीला किक मारली.

आकारामचं घर शोधायला वेळ लागला नाही. सोप्यात त्याचा धाकटा भाऊ बाळासो दुधाच्या किटल्या विसळत होता. "या पावणं, बसा," म्हणाला. आकारामची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. गावात सगळे तिला आक्काच म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास. डाव्या हाताचं मनगट वाकडं जुळलेलं होतं. ऊस तोडताना कधीतरी मोडलं असावं, असं सम्मेदला वाटलं.

त्यानं पाणी घेतलं नाही. दोन्ही फोटो समोर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं.

"खऱ्या मण्यारीला मानेजवळ पट्टे नसतात, असले तरी पुसट. कवड्या म्हणून तिच्यासारखाच एक बिनविषारी साप असतो, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात. माझ्या पोस्टरमुळं उलटं झालं. तुमच्या माणसानं मान कोरी बघितली आणि त्यांना वाटलं, ही मण्यार नव्हे."

बाळासोनं फोटो हातात घेतले. बराच वेळ बघत राहिला.

"ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हाय ह्यो कागद," तो म्हणाला. "दादा त्याच्याम्होरं हुबा ऱ्हायलेला मी बघितलाय. दोन येळा."

सम्मेदची मान खाली गेली.

"वीस मिंटं लागली म्हणता," बाळासो म्हणाला. "वीस मिंटात माझा भाऊ गेला की वो."

त्याचा आवाज चढला नाही. सम्मेदला तो चढायला हवा होता. बाळासोनं किटल्या उचलल्या, सायकलला अडकवल्या आणि तो डेअरीकडं निघून गेला.

आक्का चहा करून घेऊन आली. उंबऱ्याशी टेकली.

"तुमास्नी झोप लागती का?" तिनं विचारलं.

"नाही."

"कधीपासनं?"

"पेपर वाचला तेव्हापासनं. डोळे मिटले की ती मान दिसते."

तिनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला.

"मी सगळी पोस्टर्स काढून घेणार आहे," सम्मेद म्हणाला. "पेपरला पत्र लिहिलंय. माझ्या चुकीनं माणूस गेला, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तुमच्या ग्रामसभेतही उभा राहून सांगतो."

"पोस्टर बदला. चुकीचं हाय त्ये बदलायलाच पायजे. पन आमच्या मालकांचं नाव नगा घालू त्यात."

"का?"

"नगा घालू म्हनते न्हवं?"

"आक्का, मला लपवायचं नाही. आमच्या जैनांत वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात. मला त्या दिवसापर्यंत थांबवेना. तुम्ही माफ करू नका, शिव्या द्या, पण हे माझ्या नावावर राहू दे." त्यानं हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलं नाही.

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग उठली, बाहेरच्या दारापर्यंत गेली. बाळासोची सायकल वळणापलीकडं गेली होती. ती परत येऊन, वाकडं मनगट दुसऱ्या हातात धरून त्याच्यासमोर बसली.

"तुमी चांगल्या घरचं हायसा," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हनून तुमास्नी सांगते. तुमच्या फोटोनं कायबी झालं न्हाय."

"पण ते पोस्टर बघून..."

"माझं म्हायेर राधानगरीच्या रानाला लागून हाय. शाळंत जायच्या आधीपासनं मी मण्यार वळकते. त्या दिवशी जळणाच्या ढिगात साप निघाला. ह्येनी काठी घ्यून हुबं. कुठल्या कागदावर काय हाय, त्येंच्या ध्यानात न्हवतं. त्येनी मला हाक मारली. इचारलं, इखारी हाय काय गं?"

सम्मेदचे हात जोडलेलेच राहिले.

"मी वाकून नीट बघितलं," आक्का म्हणाली, "आन् न्हाय म्हनलं."