लिहिते उद्या

घंटी वाजवली आणि छबीला वाटलं, दार उघडायच्या आत जिना उतरून पळ काढावा. पण दार उघडलं. समोर आत्या उभी होती. केस पार पांढरे झालेले. "मी छबी," ती म्हणाली.

"ये," आत्या म्हणाली. छबीकडे धड बघितलंही नाही. खुर्चीवर पडलेले शिवणाचे कपडे उचलून जागा करून दिली आणि चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर येईना.

रागावलीय, छबीनं ओळखलं. रागावणारच.

बाबा गेले तेव्हा छबी शाळेतही जात नव्हती. त्यानंतर आईचं आणि आत्याचं जाणं-येणं तुटलं. का, ते आईनं कधी सांगितलं नाही. पण दर वाढदिवसाला आत्याचं पार्सल मात्र पोस्टानं यायचं. कधी रंगपेटी, कधी स्वेटर, एकदा तर चाकांचे बूट. आत छापील कार्ड आणि खाली एवढंच, 'आत्या'.

आई पत्रांच्या बाबतीत भारी कडक. भेट हातात पडली की आठवड्याच्या आत आभार गेलेच पाहिजेत, तेही स्वतःच्या हातानं लिहून. दोन-चार ओळी चालतील, शाई फुटलेली चालणार नाही. आणि सांत्वनाच्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे द्यायचंच.

"आत्याला लिहिलंस का?" आई विचारायची.

"लिहिते उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. पुढं आईनंही पिच्छा सोडला. छबी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी पार्सलं येतच राहिली. दरवेळी कागद घेऊन बसायची. आजवर का नाही लिहिलं, हे आधी सांगावं लागणार, या विचारानंच कागद तसाच ठेवून द्यायची.

मग आई गेली. आत्याच्या सांत्वनाच्या दोन ओळी आल्या. त्यानंतरच्या वाढदिवसाला पार्सल आलं नाही. आत्याचाही धीर सुटला असणार. छबीनं बाकी सगळ्यांना उत्तरं धाडली. आत्याच्या पाकिटावर पत्ताही घातला, पण आत काय घालायचं ते सुचेना. शेवटी आज सुट्टी टाकून ती स्वतःच आली.

आत्या चहा घेऊन बाहेर आली.

"आत्या, मी माफी मागायला आलेय," छबी खाली मान घालून म्हणाली. "तोंड दाखवायची लाज वाटत होती. इतकी वर्षं तू आठवणीनं पार्सलं पाठवलीस, आणि मी..."

"कसली पार्सलं?"

"माझ्या वाढदिवसाची."

आत्या हळूच समोर टेकली.

"छबे, तुझ्या बाबांच्या जाण्याचा दोष मी तुझ्या आईच्या माथी मारला. तेव्हापासून ती जाईपर्यंत तुमच्या घराचं नावच टाकलं. तुला साधी पेन्सिलसुद्धा मी कधी पाठवली नाही गं."

छबीनं मान वर केली.

"लाज मला वाटायला हवी," आत्या म्हणाली. "मी अशी वागले, एकालाही उत्तर दिलं नाही, आणि तू मात्र दरवर्षी न चुकता, एवढ्या सुरेख अक्षरात मला पत्र लिहीत राहिलीस."