शंभरावा हिस्सा

ही गोष्ट कुणाला पटायची नाही. नाही तर नाही. पण गच्चीवर मोबाईलचा टॉवर आणि त्याच्या बरोब्बर खालच्या खोलीत शिंपीणबाईंच्या नातवाचा पाळणा, एवढं तरी अख्खी इमारत शपथेवर सांगेल. पाळणा मात्र रिकामा. "तो टॉवर राहील नाहीतर मी," असं बजावून सून बाळासकट माहेरी जाऊन बसली होती.

शिंपीणबाईंच्या तक्रारीवरून आज कंपनीचा मीटरवाला आला. टोकाला चेंडू लावलेलं यंत्र त्यानं टॉवरपुढे असं धरलं, जणू वाघाचे दात मोजतोय.

"काकू, माणसाच्या अंगाला जेवढी किरणं चालतात, त्यांचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही," तो म्हणाला. "अहो, मी रोज टॉवरला पाठ टेकून डबा खातो. टक्कल होतं मला, केस आले!"

"टोपी काढा बघू."

"ऊन फार आहे, काकू."

सोसायटीचे अध्यक्ष लगबगीनं मध्ये पडले. "टोपीचं काय घेऊन बसलात? आकडा बघा! सरकारी मर्यादा कुठे, हा कुठे! आता तक्रार मागे घ्या आणि सुनेला बोलवा."

शिंपीणबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. पण आकडा समोर लुकलुकत होता, आणि त्यांना तो खराच हवा होता. घरात बाळाची अंगडी शिवून पडली होती. घालून बघायला बाळ नव्हतं. एव्हाना ती त्याला तोकडीही झाली असतील.

"बरं," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगते तिला, ये म्हणून."

त्यांनी फोन लावला. लागेना. या कोपऱ्यात गेल्या, त्या कठड्याशी गेल्या, शेवटी थेट टॉवरच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. छे.

"अध्यक्षसाहेब, तुमचा द्या जरा."

अध्यक्षांनी सवयीनं खिशातून काढून दिला आणि देता देताच त्यांची जीभ दाताखाली गेली. त्यावरही रेंजची एक काडी नव्हती. मीटरवाल्याला एकाएकी पेटी आवरायची घाई झाली.

शिंपीणबाईंनी टॉवरकडे पाहिलं, मग मीटरवाल्याकडे.

"झोपवलाय होय याला?" त्या म्हणाल्या. "दुकानाला कुलूप घालून गिऱ्हाइकं मोजता?"